गाय, घोडा आणि शनिवारचा सौना

कुओपिओ, ११ जानेवारी

लाडक्या पिल्वीस,

कागदावरचं पत्र बघून दचकली असशील. आत्या गेली की काय, असं वाटलं असेल. गेले नाही, ठणठणीत आहे. पण तुझ्या कंपनीने पाठवलेली ती संगणकी बया माझ्या फोनमध्ये येऊन बसली आहे, आणि माहितीपत्रात लिहिलंय की सवयी समजून घेण्यासाठी ती माझे निरोप, माझं कॅलेंडर आणि माझी किराणायादी वाचणार. वाचू दे बापडी. लोणी, राय धान्याचं पीठ आणि मांजराचं खाणं, यात काय गुपित असायचं? पण भाचीशी चार शब्द बोलायचे तर मध्ये तिसरं कुणी नको. म्हणून हे टपाल.

प्रत्येक घराने आपल्या फोनमधल्या कारभाऱ्याचं बारसं करायचं होतं. मला आपल्या गावच्या गायीशिवाय काही सुचेना, म्हणून माझी मांसिक्की झाली. तुझ्या बापाला विचार, त्याला मूळ मांसिक्कीने दोनदा शेणात पाडलं होतं. निसुलाच्या कारभाऱ्याचं नाव ‘संचालक’ आहे, यावरून निसुला कोण ते ओळख. सी जिन्यातल्या कुर्कींनी आपल्या कारभाऱ्याला ‘पोल्ले’ म्हटलंय. हे घोड्याचं नाव. मला त्याचं काही नाही, सहज लिहिलं.

तर पुढच्या सोमवारपासून सुरू. तुला माहीतच आहे, आमच्या तळघरातला सौना आणि अंगणातले गारठलेल्या गाड्यांची इंजिनं गरम करायचे खांब एकाच म्हाताऱ्या केबलवर लोंबकळतायत. थंडी वाढली, विजेचा भाव चढला, की सगळ्यांना सगळं पुरत नाही. आता दर शुक्रवारी दुपारी वीज किती मिळणार ते कळणार आणि सगळ्या घरांचे कारभारी आपसांत बसून ठरवणार, शनिवारी कुणाची गाडी गरम होणार आणि सौन्यात कुठला तास कुणाला. सोसायटीची अध्यक्ष म्हणून मीच हा ठराव मांडला, भाची म्हणून तुझी कंपनी मीच सुचवली, आणि आता मीच पस्तावतेय.

कारण शनिवारचा सातचा तास बावीस वर्षं माझा आहे. आठचा कुर्कींचा. आता तो कुणाचाही होऊ शकतो.

आणि निसुलाने ठरावाला शेपूट जोडलं. त्याला सौन्याच्या जागी सायकली ठेवायची खोली हवी आहे. त्याच्याकडे चार सायकली आहेत आणि तो त्यांच्याशी बोलतो. त्याची अट अशी, की लागोपाठ तीन शनिवार सौना वापराविना गेला तर भट्टी काढून टाकायची. वर त्याने सौन्याच्या भिंतीत वाफ मोजणारी एक डबी बसवून घेतली. म्हणतो, भट्टी तापली म्हणजे सौना झाला असं नाही, दगडांवर पाणी पडलं पाहिजे. सभेने मान डोलावली. मीही डोलावली, म्हटलं एवढी मोठी इमारत, तीन शनिवार कोण सोडतंय.

आता मला एवढंच सांग. मांसिक्कीला काही सांगितलं तर ते ती बाकीच्या कारभाऱ्यांना बोलून दाखवते का? सहज विचारतेय.

तुझी आत्या,
हिल्का


औलू, १६ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग ऑफिसात सगळ्यांना पाकीट दाखवलं. आमच्याकडच्या एका मुलाने तिकिटाला हात लावून पाहिला.

उत्तर: नाही, बोलून दाखवत नाही. तुझी इच्छा मांसिक्कीच्या पोटात राहते. ती बाहेर फक्त एवढंच बोलते, ‘हा तास आम्हाला द्या’ किंवा ‘हा तास तुम्ही घ्या’. का हवा, किती हवा, हे तिच्यापाशीच. ते मलासुद्धा दिसत नाही, आणि मी तिला जन्म दिलाय. मला फक्त देणंघेणं दिसतं. बाजारात दोन बायका घासाघीस करताना लांबून जेवढं दिसतं तेवढंच.

पण आत्या, एक विनंती. तिच्याशी स्पष्ट बोल. तुम्ही कुओपिओकडची माणसं कशी बोलता ते मला माहीत आहे. बाबांना विचारलं चहा घेणार का, तर म्हणतात, ‘घेतलाही असता, पण नसेल तरी चालेल, आणि केलाच असेल तर टाकू नका.’ तुमच्या सावो भागातला माणूस बोलतो आणि अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतो, हे सगळा देश जाणतो. पण मांसिक्की औलूत जन्मली आहे. आम्ही इथे हवं तर ‘हवं’ म्हणतो. तिला तू ‘मिळालं तर मिळालं’ म्हणालीस तर ती खरंच तसं धरून चालेल. भीड ही भिकेची बहीण, हे तूच मला शिकवलंस.

सात हवे असतील तर तिला म्हण, ‘सात.’ बस.

मी कारभारी बसवलेली ही पहिलीच संपूर्ण इमारत आहे, आत्या. नाक कापू नकोस.

तुझी,
पिल्वी

ता.क. हे कुर्की कोण? एका पत्रात दोनदा आले, आणि दोनदा ‘सहज’.


कुओपिओ, २५ जानेवारी

पिल्वी,

सौना थंड गेला.

काल संध्याकाळी सात वाजता मी पंचा खांद्यावर टाकून, अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी हातात घेऊन तळघरात उतरले तर भट्टी बर्फासारखी. फलकावर अक्षरं: ‘शनिवारचं वाटप पूर्ण झालं नाही. वीज अंगणाकडे वळवली आहे.’ अंगणात निसुलाची गाडी एवढी गरम झालेली की तिच्या टपावर मांजरं झोपली होती. त्यातलं एक माझं.

हे कसं काय झालं ते मला कळव. मी मांसिक्कीला अगदी स्पष्ट सांगितलं होतं. तेच सांगितलं जे माणसाने सांगावं. जास्त काही नाही.

जिन्यात लोक एकमेकांना काही बोलले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. निसुला मात्र सगळ्यांना सुप्रभात म्हणत होता. त्याने आजवर कुणाला सुप्रभात म्हटलेलं नाही.

कुर्की तेवढे भेटले, दारात. त्यांनी दार धरून ठेवलं. म्हणाले, ‘थंडी आहे.’ मी म्हटलं, ‘आहे.’ मग ते म्हणाले, ‘उद्या कमी होईल म्हणतात.’ मी म्हटलं, ‘म्हणतात खरं.’ बराच वेळ बोललो आम्ही.

तू विचारलंस म्हणून सांगते. तौनो कुर्की, सरोवरातल्या आगबोटींवर इंजिनं सांभाळायचे, आता निवृत्त. सहा वर्षांपूर्वी राहायला आले. एकटे असतात. मोजे स्वतः विणतात. बास, याहून मला काही माहीत नाही.

आत्या


औलू, २९ जानेवारी

आत्या गं आत्या,

हे लिहिताना मी हसतेय आणि अक्षर हलतंय, माफ कर.

मी शुक्रवारचं देणंघेणं उघडून पाहिलं. बाकी सगळ्या घरांचं पाच मिनिटांत उरकलं होतं. कुणी पाचचा तास घेतला, कुणी दहाचा, निसुलाच्या संचालकाने गाडी घेतली. अडकले फक्त दोघं. बी जिन्यातली एक गाय आणि सी जिन्यातला एक घोडा.

मांसिक्की म्हणाली, सात तुम्ही घ्या. पोल्ले म्हणाला, छे छे, सात तुम्ही घ्या. ती म्हणाली, मग आम्ही आठ घेतो. तो म्हणाला, आठ तर घ्याच, सातही घ्या. ती म्हणाली, तसं नको, आधी तुम्ही. तो म्हणाला, तुमच्याआधी कसं? आत्या, हे दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत चाललं, दर सेकंदाला कितीतरी वेळा. कागदावर छापलं तर तुझ्या दारापासून बाजारचौकापर्यंत अंथरता येईल. सगळे तास ठरल्याशिवाय भट्टी लागत नाही, हा नियम आमचाच. त्यामुळे तुमची इमारतच्या इमारत या दोन जनावरांच्या सभ्यपणापायी थंड पडली. आमच्या साहेबांनी त्यातलं एक पान चहाच्या खोलीत चिकटवलंय.

आता गंभीर. मला या कुर्कींचा संशय येतोय. तू सात मागितलेस हे नक्की, कारण तू स्पष्ट बोललीस असं म्हणतेस. मग तो घोडा मुद्दाम घोळ घालत असणार. देतो देतो म्हणून वाटप पूर्ण होऊ द्यायचं नाही, म्हणजे तीन शनिवार आपोआप थंड. हा माणूस निसुलाला मिळालेला आहे का? सायकल आहे का त्याच्याकडे? तू अध्यक्ष आहेस, त्याच्याविरुद्ध तक्रार लिही.

मी इलाज तयार ठेवलाय. एवढ्यातेवढ्या फेऱ्यांत ठरलं नाही तर नाणं उडवायचं. पण नियम बदलायला समितीच्या चिटणिसाची सही लागते. लवकर घे.

तुझी,
पिल्वी


कुओपिओ, २ फेब्रुवारी

पिल्वी,

तक्रार लिहिणार नाही. खबरदार त्या माणसाबद्दल काही बोललीस तर. तौनो कुर्कींकडे सायकल नाही. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे.

परवाचा शनिवारही थंड गेला. आणि समितीचा चिटणीस निसुला आहे. मी त्याच्या दारात उभी राहून सही मागितली. त्याने मला कॉफी दिली, सायकली दाखवल्या आणि म्हणाला, नियम चालू असताना बदलणं बरं नव्हे, मार्चच्या सभेत बघू. तो काही दुष्ट नाही. त्याला खरंच वाटतं की आता कुणाला सौना नको आहे, दोन शनिवार पुरावा आहे. तिसरा गेला की मंगळवारी भट्टी काढायला माणसं येतील. त्याने सांगून ठेवलीयत.

मग मी घरी आले आणि आरशासमोर बसून स्वतःला चार शब्द सुनावले. आता तुला खरं सांगते. हसलीस तर हस.

मी मांसिक्कीला ‘सात’ म्हटलं नाही. मी म्हटलं, सात मला प्रिय आहेत, पण कुर्कींना हवे असतील तर आधी त्यांना दे, त्यांचं मन मोडू नकोस. आणि ते जो तास घेतील त्याच्या शेजारचा मला घे. लांबचा नको. लांबचा असेल तर काहीच नको.

कारण सौन्याबाहेर एक बाक आहे. सातचा तास संपवून मी आठच्या जरा आधी बाहेर येते, आणि आठचा माणूस जरा लवकर येऊन बसतो. सहा वर्षं. ते घरी माल्टचं काळं पेय, कालया, आंबवतात, त्याची एक थंड बाटली बाकावर माझ्यासाठी असते. म्हणतात, ‘जास्त झालं होतं.’ मी वेलची घातलेला गोड पाव, पुल्ला, कागदात गुंडाळून नेते, म्हणते, ‘उरला होता.’ मग ते आत जातात आणि मी वर येते. याच्यापुढे सहा वर्षांत एक शब्द गेला नाही.

उरला वगैरे काही नसतो, पिल्वी. शनिवारी सकाळी मी मुद्दाम भाजते. एकटीला एवढे पुल्ले कशाला लागतात?

भट्टी गेली तर बाक जाईल. बाक गेला तर कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात जाऊन म्हणायचं की उरला होता? मला सौन्याचं एवढं नाही गं. अंग काय, घरच्या नळाखालीही धुता येतं. मला त्या बाकाची पडली आहे. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हे लिहिताना कान तापलेत, पण लिहिलं.

आत्या


औलू, ४ फेब्रुवारी

आत्या,

पत्र ऑफिसात वाचलं. वाचता वाचता उभी राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. साहेबांनी विचारलं, सर्व्हर बंद पडला का? मी म्हटलं, नाही, आत्या सुरू झाली.

तर ऐक. घोड्याच्या पोटात काय आहे ते मला दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी सांगितलं नसतं. पण तुझं पत्र वाचून मी ते देणंघेणं पुन्हा पाहिलं, आणि मला माझीच लाज वाटली. अगं, मांसिक्की एकटीच देत राहिली असती तर पहिल्या फेरीत काम झालं असतं. तिने सात पुढे केले, त्याने घेतले, संपलं. ज्याला हवं असतं तो घेतो. ज्याला घोळ घालायचा असतो तो दोन्ही मागतो. हा घोडा दिवसभर तेच परत करत राहिला, आणि एकदाही तुझ्यापासून लांबचा तास त्याने मागितला नाही. नऊचा मोकळा होता. सहाचाही होता. त्याने तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. ऐकणारी तू आहेस. लाव.

आणि आता सौना वाचव. हे पत्र मिळालं की लगेच मांसिक्कीला म्हण, ‘सात, कुणी काही म्हणो.’ एकाने हट्ट धरला की दुसरा आपोआप आठ घेईल आणि बाक जागच्या जागी राहील. शुक्रवारी दुपारच्या आत म्हण. शिंकतानासुद्धा मध्ये ‘चालेल’ म्हणू नकोस.

तुझी वेडी झालेली,
पिल्वी


कुओपिओ, ६ फेब्रुवारी, शुक्रवार

पिल्वी,

तुझं पत्र दुपारी दोनला आलं. उशीर झाला, आणि हे पत्र तुला मिळेल तोवर मी एक तर मेलेली असेन नाहीतर गाव सोडलेलं असेल. तरी लिहिते, कारण फोनवर बोलले तर ती गाय ऐकेल, आणि तिच्याशी मी बोलत नाही.

रात्रीत पारा उणे बत्तिसावर गेला. विजेचा भाव असा चढला की केबलवर शनिवारसाठी सौन्याचा एकच तास उरला. बाकी सगळ्या घरांनी गाड्या मागितल्या, रविवारी सकाळी लोकांना निघायचं असतं. उरला एक तास आणि माझी गाय आणि त्यांचा घोडा. आता शेजारचा तास कुठून आणणार? तर तुझ्या या लाडक्यांनी यावेळी पटकन ठरवून टाकलं.

मुख्य दारातल्या फलकावर, मोठ्या हिरव्या अक्षरांत:

‘शनिवार, सात ते आठ. हिल्का रायत्यो, बी जिना, आणि तौनो कुर्की, सी जिना. एकत्र.’

एकत्र, पिल्वी. सौन्यात. अंगावर कपडा न घालता बसतात तिथे.

सगळ्या इमारतीने वाचलं. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी टोप्या काढून वाचत होती. निसुला माझ्याकडे बघून म्हणाला, ‘अध्यक्षबाई, प्रगती आहे.’ पस्तीस वर्षं मी या गावात शाळेत भूगोल शिकवला. माझे विद्यार्थी ए जिन्यात राहतात.

तू हे होऊ कसं दिलंस? दोन जिन्यांना एक तास घेता येतो, हे कुणी ठरवलं?

मी उद्या सातला खाली जाईन ते फक्त त्यांना सांगायला, की तास तुम्ही घ्या. पंचा नेणार नाही. मी नीट कपडे घालून जाणार आहे. निळं लोकरीचं जाकीट, वरपर्यंत बटणं लावून.

आत्या


औलू, ७ फेब्रुवारी

आत्या,

हे तुला सोमवारी मिळेल आणि तोवर सगळं होऊन गेलेलं असेल, पण तुझी बोलणी लवकर खाऊन संपावीत म्हणून आत्ताच लिहिते, कारण फलक मी इथून पाहिला. तो एक तास वाटून घेण्याची सोय नवराबायकोंसाठी ठेवली होती. दोन वेगळ्या जिन्यांना मनाई आहे, असं लिहायला मी विसरले. माझी चूक. ती दुरुस्त करायची की नाही याचा मी अजून विचार करतेय.

पिल्वी


कुओपिओ, ८ फेब्रुवारी, रविवार

लाडक्या पिल्वीस,

बैस. कॉफी घे. मग वाच.

काल सातला मी निळं जाकीट घालून खाली गेले. बाकावर तौनो कुर्की आधीच बसलेले. त्यांच्या अंगावर कोट, गळपट्टा, डोक्यावर कानटोपी, पायात त्यांनीच विणलेले मोजे. पंचा नाही. हातात बाटली. मला बघून उठले आणि म्हणाले, मी फक्त सांगायला आलो, तास तुम्ही घ्या. मी म्हटलं, तेच तर सांगायला मी आले. ते म्हणाले, नाही, तुम्ही. मी म्हटलं, छे, आधी तुम्ही. ते म्हणाले, तुमच्याआधी कसं?

आणि मग हे आपण कुठेतरी ऐकलंय असं मला वाटलं, आणि मला हसू फुटलं. मी त्यांना तुझं देणंघेणं सांगितलं, गायीचं आणि घोड्याचं, बाजारचौकापर्यंतच्या कागदाचं. ते आधी लाल झाले, मग खांदे हलायला लागले. आगबोटीच्या इंजिनासारखे हसतात, आधी नुसती धडधड, आवाज मागून येतो. मला हे सहा वर्षांत माहीत नव्हतं.

मग आम्ही बसलो. भट्टी आत तापत होती, दाराच्या फटीतून ऊब येत होती, आणि आम्ही बाहेर. काय बोललो ते सगळं सांगत नाही. त्यांच्या गेलेल्या बायकोबद्दल बोललो, माझ्या शाळेबद्दल, गुडघ्याबद्दल. मी विचारलं, तुम्ही घोड्याला काय सांगितलं होतं? ते म्हणाले, सांगितलं की बाईंना हवं ते मिळू दे, मी त्यांच्यानंतर. मी म्हटलं, नंतरच का? ते वाकून मोजे सारखे करायला लागले.

‘नंतर असलं की,’ ते म्हणाले, ‘तुम्ही बसून गेलेल्या जागी फळी गरम असते.’

मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, पिल्वी. पण जाकिटाचं वरचं बटण मला उघडावं लागलं.

मग त्यांनी बाटली पुढे केली. मी सवयीने म्हटलं, जास्त झालं होतं का? त्यांनी मान हलवली.

‘नाही. कधीच झालं नव्हतं. दर आठवड्याला दोन बाटल्यांपुरतंच घालतो.’

मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. निसुला. हातात मोजपट्टी. सायकली टांगायचे आकडे कुठे बसतात ते पाहायला आला होता. आम्हाला बाकावर बघून थांबला, मग भिंतीवरच्या डबीच्या काट्याकडे बघून म्हणाला, पाणी पडलेलं नाही, वाफ शून्य, आठला पाचच मिनिटं कमी आहेत. आवाजात आनंदही नव्हता. खरंच सांगते, त्याला आमची कीव आली होती.

मी आणि तौनोंनी एकमेकांकडे पाहिलं. अख्खा तास बोलण्यात गेला होता. आम्ही सौना वाचवायला बसलो होतो आणि आमच्याच हातांनी तो घालवला होता.

यावेळी ‘तुम्ही’ कुणीच म्हणालं नाही. दोघं एकदम उठलो, एकदम दारात शिरलो, आणि दार अरुंद असल्यामुळे अडकलो. निसुलाने मागून ढकललं असं मला वाटतं, पण तो आता नाही म्हणतो. आत गेलो. निळं जाकीट, कोट, कानटोपी, मोजे, सगळं अंगावर. तौनोंनी बादलीतलं लाकडी ओगराळं भरलं, माझ्या हातात दिलं, आणि स्वतःचा हात माझ्या हाताखाली धरला, आणि आम्ही दोघांनी मिळून ते पाणी दगडांवर ओतलं.

अगं काय वाफ! बावीस वर्षांत अशी पाहिली नाही. चष्मा गेला, त्यांची टोपी दिसेना, माझं जाकीट क्षणात दोन मापांनी आकसलं. दुसरं ओगराळं ओतलं, तिसरं ओतलं. हसून हसून खालच्या फळीवर बसलो तर फळी एवढी गरम की पुन्हा उठलो. बाहेर निसुला ओरडला की डबीचा काटा वर गेला, पुरे करा, भिंतीचा रंग उतरेल.

बाहेर आलो तेव्हा दोघांच्या अंगातून धूर निघत होता. निसुलाने मोजपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, नियम म्हणजे नियम, पाणी पडलं. मग ती खिशात घालून त्याने विचारलं की त्यालाही कधी सातचा तास मिळेल का. त्याच्या बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तो एकटा खाली उतरतच नाही. मी त्याला म्हटलं, संचालकाला सांगू नका, इथे बाकावर येऊन सांगा.

मंगळवारी भट्टी काढायला माणसं येणार होती त्यांना निसुलाने स्वतः कळवलं. ती आता सायकलींसाठी अंगणात छप्पर घालून देणार आहेत.

रात्री मांसिक्कीने विचारलं, पुढच्या शनिवारी कुठला तास? मी शुक्रवारपासून तिच्याशी बोलले नव्हते, पण म्हटलं, बिचारीचा काय दोष. मी तिला म्हटलं, सात. आणि कुर्कींना आठ. दोन्ही हवेत. ‘मिळालं तर मिळालं’ असं नाही, हवेत.

आयुष्यात पहिल्यांदा मी असं बोलले, आणि छप्पर कोसळलं नाही.

दोन जिन्यांना एक तास घेता येतो, ती सोय काढू नकोस. घाई नाही, पण राहू दे.

आता थांबते. आज रविवार, आज सौना नाही, तरी चार वाजता तौनो वर येणार आहेत, माझ्या दारी, बाकावर नव्हे. पीठ मळून ठेवलंय, वेलची कुटली. पुल्ले एवढ्यात ओव्हनमध्ये जातील. आणि यावेळी पुल्ला काही उरायचा नाही.

तुझी आत्या,
हिल्का